गुरांची वाहतूकबंदी: आक्षेप आणि उत्तर

जनावरांचा साथीचा रोग एका गावातून दुसऱ्या गावात पोहोचण्याच्या वाटा मोजक्या असतात. रोगी जनावर स्वतः चालत किंवा गाडीतून जाते. त्याची लाळ, शेण किंवा अंगावरची खपली लागलेली गाडी, दावे आणि माणसांचे कपडे पुढे जातात. चारा-पाणी दूषित होते. किंवा रक्त पिणारा कीटक विषाणू वाहून नेतो. यांपैकी पहिली वाट सर्वांत लांब पल्ल्याची आहे आणि आदेश काढून बंद करता येईल अशीही तीच आहे. म्हणूनच साथ सुरू झाली की गुरांचे बाजार, जत्रेतले बैलबाजार, प्रदर्शने, बैलगाडा शर्यती आणि जिल्ह्याबाहेरची वाहतूक थांबवली जाते. महाराष्ट्रात २०२२ साली लम्पी त्वचा रोगाच्या साथीत हेच करण्यात आले. त्या वेळी बंदीवर जे आक्षेप घेतले गेले, ते साथ ओसरल्यावरही टिकून आहेत. रोग माश्या आणि डास पसरवतात, मग गुरे अडवून काय उपयोग? लस उपलब्ध असताना बाजार बंद कशाला? बंदी घातली तरी रोग राज्यभर गेलाच ना? परदेशातले नियम इथल्या दोन-तीन जनावरांच्या गोठ्याला कसे लागू पडतील? आणि बंदीचा भुर्दंड गरीब पशुपालकानेच का भरावा? यांतला शेवटचा प्रश्न न्याय्य आहे. बाकीचे चुकीच्या समजुतींवर उभे आहेत. वाहतूक रोखणे हा साथनियंत्रणाचा पाया आहे. तो जिथे ढासळला तिथे तो उशिरा, अर्धवट किंवा अन्यायाने घातला गेला म्हणून ढासळला. आक्षेप एकेक करून तपासले की हे स्पष्ट होते.

लम्पीचा प्रवास

लम्पी त्वचा रोग देवीवर्गातल्या विषाणूमुळे होतो. मेंढ्यांच्या आणि शेळ्यांच्या देवीचा विषाणू त्याच्या अगदी जवळचा, म्हणूनच भारतात शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचून संरक्षण मिळवता आले. रोग झालेल्या जनावराला ताप येतो, लसिका ग्रंथी सुजतात, अंगभर कातडीत गाठी उठतात, पुढे त्यांच्या खपल्या पडतात, पाय सुजतात, दूध आटते, गाभण गाय गाभडते. मृत्यूचे प्रमाण साधारणपणे १ ते ५ टक्के असते, आणि तेवढ्यावरून काही जण या रोगाला किरकोळ ठरवतात. पण वाचलेला बैल कित्येक आठवडे औताला जुंपता येत नाही आणि वाचलेल्या गाईचे त्या वेताचे दूध बहुतांशी बुडते. ज्या घराचा महिन्याचा खर्च दुधाच्या पगारावर चालतो, त्या घराच्या दृष्टीने हा रोग किरकोळ नाही.

आजच्या झांबियात १९२९ साली हा रोग प्रथम नोंदला गेला. १९४० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत त्याने लाखो गुरे आजारी पाडली. सुमारे सहा दशके तो सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतच राहिला. १९८८ मध्ये इजिप्त, १९८९ मध्ये इस्रायल, २०१३ मध्ये तुर्कस्तान, २०१५ मध्ये ग्रीस आणि २०१६ मध्ये बाल्कन देश असा तो पुढे सरकला. २०१९ मध्ये बांगलादेश, चीन आणि भारतात ओडिशा इथे तो आढळला. महाराष्ट्रात २०२० मध्ये गडचिरोली जिल्ह्यात त्याची नोंद झाली. २०२२ च्या मोठ्या साथीतला राज्यातला पहिला रुग्ण ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील चिनावल गावात सापडला. त्या वर्षी देशात दीड लाखांहून अधिक गुरे दगावली, त्यांतली निम्म्याच्या आसपास एकट्या राजस्थानात. जो रोग साठ वर्षे एका खंडाच्या एका भागात अडकून होता, त्याने पुढच्या तीस-बत्तीस वर्षांत दोन खंड ओलांडले. माश्या आणि डास या सगळ्या काळात तेच होते. वाढली ती जनावरांची ने-आण.

माशीचा युक्तिवाद

पहिला आक्षेप वरवर शास्त्रीय वाटतो. लम्पीचा विषाणू गोठ्यातल्या चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड वाहून नेतात, हे खरे आहे. त्यावरून असे म्हटले जाते की माशीला तालुक्याची हद्द कळत नाही, तेव्हा रस्त्यावर गाड्या अडवणे व्यर्थ आहे.

या युक्तिवादात अंतराचा विचार नाही. लम्पीचा विषाणू कीटकाच्या शरीरात वाढतो असे सामान्यतः मानले जात नाही. तो सोंडेला लागून एका जनावराच्या कातडीतून दुसऱ्याच्या कातडीत जातो. कीटकाच्या अंगावर तो काही तास ते काही दिवस टिकतो. चावरी माशी एका जनावराने शेपटीने हाकलली की शेजारच्या जनावरावर बसते आणि अर्धवट राहिलेले रक्तपान पूर्ण करते. म्हणजे कीटकामुळे होणारा प्रसार मुख्यतः एका दावणीतून शेजारच्या दावणीत, एका वस्तीतून जवळच्या वस्तीत होतो. २०१५–१६ मध्ये बाल्कन देशांतल्या साथीचा वेग संशोधकांनी मोजला, तेव्हा तो सरासरी आठवड्याला सात किलोमीटरच्या आसपास निघाला. मात्र मधूनच रोगाने शेकडो किलोमीटरची झेप घेतल्याचेही दिसले. संथ गती कीटकांची असते. एका आठवड्यात एवढी लांब झेप घ्यायला मात्र बहुतेक वेळा गाडीत चढवलेले जनावरच लागते.

हाच हिशेब महाराष्ट्राला लावून पाहता येतो. चिनावलपासून कोल्हापूर सरळ रेषेत पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. आठवड्याला सात किलोमीटर या गतीने तिथे पोहोचायला दीड वर्षाच्या जवळपास लागले असते. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२२ संपण्यापूर्वी राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत रोगाची नोंद झाली होती. रोग एकाच ठिकाणाहून न येता गुजरात, मध्य प्रदेश आणि कर्नाटकाच्या बाजूनेही आत आला असेल, असे म्हणता येईल. पण तो ज्या वाटांनी आला त्या वाटाही बहुधा रस्त्याच्याच होत्या.

वाऱ्याबरोबर कीटक दूरवर वाहून जाण्याची शक्यता नाकारता येत नाही. १९८९ मध्ये इजिप्तमधून इस्रायलमध्ये रोग असाच आला असावा, असे मत मांडले गेले आहे. असे प्रसंग घडतात, पण ते अपवादाने घडतात. गुरांचे आठवडे बाजार मात्र दर आठवड्याला भरतात. अपवादाला रोखता येत नाही म्हणून नित्याच्या वाटेचे दारही सताड उघडे ठेवावे, असे यातून निघत नाही.

शिवाय बाजाराचे काम एका जागेची जनावरे दुसऱ्या जागी पोहोचवण्यापुरते नसते. सांगोला, चाकण, लोणंद यांसारख्या बाजारांत अनेक तालुक्यांची गुरे काही तास एकमेकांना खेटून उभी असतात. कीटकाला अर्धवट राहिलेले रक्तपान शेजारीच पूर्ण करण्याची इतकी सोय दुसरीकडे कुठेही नसते. संध्याकाळी हीच गुरे पिकअप आणि टेम्पोतून वेगवेगळ्या दिशांना जातात. कीटकांमुळे पसरणाऱ्या रोगात गर्दी आणि पांगापांग या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडवून आणणारी बाजाराइतकी दुसरी जागा नाही. तेव्हा रोग कीटकांमुळे पसरतो हे कारण बाजार बंद ठेवण्याच्या बाजूचे आहे, विरुद्ध बाजूचे नाही.

याच आक्षेपाची दुसरी बाजू अशी मांडली जाते की बाधित पण लक्षणे नसलेले जनावर ओळखता येत नाही, म्हणून नाक्यावरची तपासणी निरर्थक आहे. इंग्लंडमधल्या पिरब्राइट संस्थेच्या संशोधनात याचे उत्तर मिळते. अंगावर गाठी असलेल्या जनावराचे रक्त पिणाऱ्या कीटकाला विषाणू लागण्याची शक्यता बाधित पण बिनलक्षणी जनावरापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते, असे त्यात आढळले. सर्वांत धोकादायक जनावर डोळ्यांना दिसणारे असते. आणि साथीच्या काळात तेच जनावर रस्त्यावर येण्याची भीतीही अधिक असते, कारण गावात रोग शिरल्याचे कळताच घाबरलेला मालक मिळेल त्या भावाला जनावर विकून मोकळा होऊ पाहतो. दलाल ते पडत्या भावाने उचलतो आणि जिथे रोगाची बातमी पोहोचलेली नाही अशा बाजारात उभे करतो. या घबराटीच्या विक्रीला अटकाव करण्याचा बाजार बंद ठेवण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

लस असताना बंदी कशाला

लसीचे महत्त्व निर्विवाद आहे. बाल्कन आणि आसपासच्या देशांत २०१६ मध्ये लम्पीच्या ७,४८३ उद्रेकांची नोंद झाली होती. सरसकट लसीकरणानंतर २०१७ मध्ये ती ३८५ वर आली. या यशाचा दाखला देऊन काही जण म्हणतात की लस टोचली की पुरे, गुरांना फिरू द्यावे. पण ज्या देशांचा हा दाखला आहे, तिथे लसीकरणाबरोबर वाहतुकीवरही कडक बंधने होती. युरोपीय संघाच्या नियमांत लस दिलेल्या क्षेत्रातून जनावर बाहेर नेण्यापूर्वी लसीनंतर किमान २८ दिवस जाण्याची अट होती. यशाचा अर्धा भाग उचलून दुसरा अर्धा सोडून देता येत नाही.

या अटीमागचे कारण साधे आहे. लस टोचल्यापासून पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. दुसरीकडे, विषाणू शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंतचा काळ जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमांत २८ दिवसांपर्यंत धरला जातो. आज लस टोचलेले जनावर कालच बाधित झालेले असू शकते. त्याच्या कानात बिल्ला असेल, मालकाच्या हातात लसीकरणाचा दाखला असेल, आणि तरीही पंधरवड्याने ते नव्या मालकाच्या गोठ्यात आजारी पडेल. मग ती बातमी गावभर अशी फिरते की लस घेऊनही रोग झाला, आणि पुढच्या वाडीतले लोक लस टोचणाऱ्या पथकाला परत पाठवतात. लसीवरचा विश्वास टिकवायचा असेल तर लस आणि वाहतूक यांच्यात हे अंतर राखावेच लागते.

दुसरी अडचण संख्येची आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गाईबैल आहेत. एवढ्या जनावरांपर्यंत पोहोचायला पशुवैद्यकीय यंत्रणेला, तिच्याकडे कितीही मनुष्यबळ असले तरी, अनेक आठवडे लागतात. लस शीतसाखळीतून गावात पोहोचावी लागते, प्रत्येक जनावराला स्वतंत्र सुई वापरावी लागते, पावसाळ्यात वाड्यावस्त्यांवर जावे लागते. रोगाच्या ठिकाणापासून पाच किलोमीटर परिघात आधी लस टोचून वेढा घालण्याची पद्धत २०२२ मध्ये वापरली गेली. हा वेढा तेव्हाच उपयोगी पडतो जेव्हा आतले जनावर बाहेर जात नाही. एखाद्या गावाभोवती लसीचा वेढा पूर्ण होण्याआधी त्या गावातली चार खोंडे शंभर किलोमीटरवरच्या बाजारात विकली गेली, तर पथकाने केलेले काम वाया जाते आणि शंभर किलोमीटरवर नवा वेढा सुरू करावा लागतो. वाहतूकबंदी लसीला लागणारा वेळ मिळवून देते. ती लसीला पर्याय नाही आणि लसही तिला पर्याय नाही.

काही रोगांत तर लसीच्या मर्यादा याहून मोठ्या आहेत. लाळ्या खुरकूत रोगाचे भारतात तीन प्रकार फिरतात, एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून वाचवत नाही, आणि लस दर सहा महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते. २०१९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचे एक उद्दिष्ट या रोगापासून मुक्त क्षेत्रे तयार करणे हे आहे. मुक्त क्षेत्राला सीमा असावी लागते, आणि सीमेवरून आत येणाऱ्या जनावरावर कोणाचेही लक्ष नसेल तर ते क्षेत्र मुक्त राहत नाही.

बंदी असूनही रोग पसरला, तो का

तिसरा आक्षेप अनुभवावर आधारलेला आहे आणि त्यामुळे तो सर्वांत जास्त पटतो. २०२२ मध्ये बंदी होती, तरी रोग राज्यभर गेला. म्हणजे बंदी निरुपयोगी. इथे काळाचा क्रम पाहावा लागतो. पहिला रुग्ण ४ ऑगस्टला सापडला. जिल्हा पातळीवर आदेश निघत गेले, पण संपूर्ण राज्य २००९ च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाखाली नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित व्हायला सप्टेंबरचा दुसरा आठवडा उजाडला. मध्ये महिन्याहून अधिक काळ गेला. त्या काळात शेजारच्या राज्यांतून आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गुरे जात-येत होती. रोग सर्वत्र पोहोचल्यावर घातलेली बंदी रोग थांबवू शकली नाही, यातून बंदीला उशीर झाला हे सिद्ध होते. बंदी निरुपयोगी असल्याचे सिद्ध होत नाही.

उशिराची किंमत किती असते, हे ब्रिटनमधल्या लाळ्या खुरकूतच्या दोन साथींवरून कळते. २००१ मध्ये २० फेब्रुवारीला रोगाची खात्री झाली आणि २३ फेब्रुवारीला देशभर वाहतूकबंदी लागू झाली. पण खात्री होण्याआधीच मेंढ्यांच्या बाजारांतून रोग किमान ५७ ठिकाणी पोहोचलेला होता. त्या साथीत दोन हजारांहून अधिक ठिकाणी रोग आढळला आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. बंदी तीन दिवस आधी घातली असती तर साथीचा आकार एक तृतीयांश ते निम्म्याने कमी झाला असता, असा अंदाज पुढे गणिती अभ्यासांतून काढण्यात आला. २००७ मध्ये सरे परगण्यात तोच रोग पुन्हा उद्भवला. या वेळी ज्या दिवशी खात्री झाली त्याच दिवशी, ३ ऑगस्टला, वाहतूक थांबवली गेली. साथ आठ ठिकाणांपलीकडे गेली नाही. दोन्ही साथींची परिस्थिती सर्वस्वी सारखी नव्हती. २००१ मध्ये मेंढ्यांच्या व्यापाराचा मोसम जोरात होता आणि रोग काही आठवडे लपून राहिला होता. तरी दोन हजार आणि आठ या आकड्यांमधली तफावत पाहिल्यावर पहिल्या दिवसांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

बंदी निरर्थक असल्याचा दावा नवा नाही. १८६५ मध्ये बाल्टिक समुद्रावरच्या बंदरातून हल इथे उतरवलेल्या गुरांबरोबर बुळकांडी ही गुरांची साथ इंग्लंडमध्ये आली आणि लंडनच्या गुरांच्या बाजारातून देशभर पसरली. रोग हवेतून किंवा गोठ्यातल्या घाणीतून आपोआप उद्भवतो, तेव्हा गुरे अडवून काही साधणार नाही, असे मानणारे जाणकार तेव्हाही होते. त्या वादात महिने गेले. १८६६ मध्ये कायदा करून आजारी जनावरे मारणे सक्तीचे झाले, वाहतुकीवर बंधने आली आणि पुढच्या वर्षी रोग आटोक्यात आला. त्याआधी दीडशे वर्षे, १७११ नंतर इटलीत आलेल्या बुळकांडीत, पोपचा वैद्य लान्सिसी याने रोगी जनावरे मारण्याचा आणि गुरांची ने-आण थांबवण्याचा सल्ला दिला होता. विषाणू म्हणजे काय हे ठाऊक नसतानाही तो सल्ला लागू पडला, कारण रोगाच्या वाटेचे निरीक्षण अचूक होते.

छोट्या गोठ्यांचा देश आणि बुळकांडी

इंग्लंडची उदाहरणे ऐकून असे म्हटले जाते की तिथे मोठी शेते, नोंदवह्या आणि शिस्त आहे. दोन-तीन जनावरे बाळगणाऱ्या कोट्यवधी घरांच्या भारतात हे चालणार नाही. या म्हणण्याला भारताच्याच इतिहासाने उत्तर दिले आहे. बुळकांडीने इथली गुरे शतकानुशतके मारली. १८७१ मध्ये गुरांच्या साथींविषयीच्या सरकारी आयोगाने अहवाल दिला. १८८९ मध्ये पुण्यात साम्राज्य जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली; पुढे ती मुक्तेश्वरला हलवली गेली आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली. तिचा पहिला मोठा शत्रू बुळकांडीच होता. १९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. लसीकरणाने रोग झपाट्याने खाली आला, पण अनेक दशके तो पूर्ण गेला नाही. थोड्या ठिकाणी तो तग धरून राहायचा आणि व्यापाराच्या वाटांनी पुन्हा फिरायचा. तो पूर्ण घालवण्यासाठी राज्यांच्या सीमांवर लस दिलेल्या जनावरांचे पट्टे राखणे, नाक्यांवर तपासणी करणे, उद्रेकाचा माग काढणे आणि त्या भागातली ने-आण रोखणे ही कामे करावी लागली. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला, २००६ मध्ये देश संसर्गमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारे जग बुळकांडीमुक्त झाल्याचे घोषित झाले. देवीनंतर जगातून नाहीसा झालेला हा एकमेव रोग. छोट्या गोठ्यांचा देश हे काम करू शकतो, हे त्याने एकदा करून दाखवले आहे.

भुर्दंड कोणाचा

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देऊन चालणार नाही. बाजार बंद झाला की पैशाची गरज असलेल्या घराला जनावर विकता येत नाही. मुलीचे लग्न, आजारपण, पीककर्जाचा हप्ता अशा वेळी गोठ्यातली कालवड ही त्या घराची ठेव असते. विकता न येणाऱ्या जनावराला चारा मात्र रोज लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बीड, अहिल्यानगर भागातले ऊसतोड कामगार बैलगाड्या घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघतात. त्यांचे बैल अडवले तर त्यांचा पूर्ण हंगाम जातो, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर राहते. बैलबाजारावर चालणारे हमाल, गाडीवाले, दावी-घुंगरे विकणारे यांचाही रोजगार बुडतो.

हे सगळे खरे असले तरी त्यातून बंदी नको असा निष्कर्ष निघत नाही. बंदी नसेल तर नुकसान टळत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या दारात जाते, आणि बहुधा अधिक दुबळ्याच्या दारात. व्यापाऱ्याकडची जनावरे आज ना उद्या विकली जातात. एकाच दुभत्या गाईवर चालणारे घर ती गेली की कर्जात जाते. २०२२ मध्ये महाराष्ट्राने दगावलेल्या गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत दिली. चांगल्या बैलजोडीची किंमत लाखाच्या पुढे असते, हे लक्षात घेतले तर ही मदत नुकसानाचा काही भागच भरून काढते. शिवाय ती मेलेल्या जनावरासाठी होती. आजारी पडून वाचलेल्या, पण दूध आटलेल्या गाईसाठी काही नव्हते. आणि आदेश पाळून जनावर दावणीलाच ठेवणाऱ्यालाही काही नव्हते.

खरी उणीव इथे आहे. ज्याने बंदी मोडली त्याला जनावराची किंमत मिळाली, ज्याने पाळली त्याला चाऱ्याचा खर्च सोसावा लागला. अशा व्यवस्थेत रात्रीच्या वाहतुकीला चालना मिळते आणि बंदी कागदावर राहते. त्यामुळे बंदीच्या काळात चाऱ्यासाठी मदत देणे, पीककर्जाच्या वसुलीला त्या परिघात सवलत देणे आणि वाचलेल्या पण अनुत्पादक झालेल्या जनावरांची नोंद घेणे, हा दयेचा भाग मानता येणार नाही. बंदी पाळली जावी यासाठी ती आवश्यक तजवीज आहे. साथ रोखल्याचा फायदा साऱ्या राज्याला होतो. त्याचा खर्च एका गावाने उचलावा अशी अपेक्षा अन्यायाची आहे आणि ती कधीच पुरी होत नाही.

रस्त्यावरच्या तपासणीविषयीही एक रास्त भीती आहे. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाल्यापासून गुरांची गाडी अडवण्याचा अधिकार आपल्याला असल्याचे काही जण गृहीत धरतात. साथीचा आदेश अशा लोकांच्या हातात दिला गेला तर रोगाची नोंद लपवली जाईल, आणि लपवलेला रोग उघड रोगापेक्षा वेगाने पसरतो. २००९ च्या कायद्यात तपासणी नाके आणि जनावरे वेगळी ठेवण्याच्या छावण्यांची तरतूद आहे. ते काम पशुसंवर्धन विभागाच्या अधिकाऱ्यांनी पोलिसांच्या मदतीने करायचे आहे, दुसऱ्या कोणीही नाही. जप्त केलेली जनावरे गोशाळेत नेऊन सोडणे हीसुद्धा वाहतूकच आहे. तिलाही लसीची, तपासणीची आणि वेगळे ठेवण्याची तीच अट लागू झाली पाहिजे. नाहीतर गोशाळाच रोगाचे केंद्र बनते.

बंदी कशी असावी

आक्षेपांची ही तपासणी केल्यावर उपयोगी बंदीचे स्वरूप ठरवता येते. ती संशय येताच लागू व्हावी, प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत बसू नये. अहवाल नकारार्थी आला तर दोन-तीन दिवसांत बंदी उठवता येते. होकारार्थी आला तर ते दिवस वाचलेले असतात. तिचा परिघ आणि मुदत आदेशातच लिहिलेली असावी आणि ठरावीक काळाने दोन्हींचा फेरविचार व्हावा. अनिश्चित काळाची बंदी दुसऱ्या महिन्यात कोणी पाळत नाही. ती रोगाला अनुरूप असावी: लम्पीचा विषाणू शेळ्या-मेंढ्यांना बाधत नाही आणि म्हशींना फारच कमी बाधतो, म्हणून शेळीबाजार बंद ठेवणे अनावश्यक त्रास देणे आहे. लाळ्या खुरकूतमध्ये मात्र शेळ्या, मेंढ्या आणि डुकरे सगळीच धोक्यात असतात.

ज्या वाहतुकीची तारीख आधीच ठाऊक असते तिची तयारी आधी करता येते. ऊसतोडीला जाणाऱ्या बैलांना निघण्यापूर्वी महिनाभर, गावातच लस टोचून दाखला दिला तर हंगाम बुडत नाही आणि रोगही कारखान्यांच्या अड्ड्यांवर पोहोचत नाही. दुष्काळात उभ्या राहणाऱ्या चारा छावण्यांतही दाखल होणाऱ्या जनावरांची तपासणी आणि आजारी जनावरांची वेगळी सोय हवी. गाड्या धुण्याची व्यवस्था नाक्यावर आणि बाजारात असावी, कारण वाळलेल्या खपल्यांत लम्पीचा विषाणू महिनाभरही जिवंत राहतो.

साथ नसतानाच्या काळातही काही शिस्त लागते. जनावर कुठून आले हे माहीत नसेल तर रोगाचा माग काढता येत नाही. कानातला बारा अंकी बिल्ला आणि त्याची संगणकीय नोंद त्यासाठी महत्त्वाची आहे. महाराष्ट्राने १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येणार नाही असा नियम केला, ते योग्य दिशेने टाकलेले पाऊल आहे. त्या नियमाचा उपयोग प्रत्येक बाजारात आलेल्या-गेलेल्या जनावराची नोंद खरोखर ठेवली गेली तरच होईल. ब्रिटनने २००१ नंतर असा नियम केला की शेतावर नवे जनावर आले की पुढचे सहा दिवस तिथली जनावरे बाहेर न्यायची नाहीत. भारतात असा नियम व्यापाऱ्यांच्या कोंडवाड्यांना आणि मोठ्या गोठ्यांना लागू करता येईल. छोट्या पशुपालकाने मात्र विकत आणलेले जनावर दावणीला लगेच न बांधता काही आठवडे वेगळे ठेवले, तरी त्याच्या बाकीच्या गुरांचे बरेच रक्षण होते.

या सगळ्यासाठी पैसा, माणसे आणि गावकऱ्यांचा विश्वास लागतो, आणि तिन्ही गोष्टी साथ येण्याआधी उभ्या कराव्या लागतात. बंदी नको म्हणणाऱ्यांची नाराजी समजण्याजोगी आहे, कारण त्यांनी उशिरा आलेली, मोबदला न देणारी आणि कधी उठेल हे न सांगणारी बंदी सोसली आहे. त्यांनी मागणी करायची ती वेळेवर लागू होणाऱ्या, मुदत ठरलेल्या आणि भरपाई देणाऱ्या बंदीची. वाहतूक मोकळी ठेवण्याची मागणी मान्य झाली तर तिची पहिली झळ बसेल ती त्यांच्याच गोठ्यातल्या जनावरांना.